ॲप काढताना : काय राखावे, काय पुसावे

ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेची हजेरी आणि योजनांच्या लाभार्थ्यांची नोंद यांचा बराचसा भाग आता मोबाईल, टॅब्लेट व संगणक यांवर आला आहे. पुष्कळदा एकच व्यक्ती ही तिन्ही साधने एकाच खात्याने वापरते. साठवणुकीची जागा अपुरी पडते, साधन बदलते किंवा बदली होते आणि जुनी ॲप्स काढून टाकण्याची वेळ येते. हे काम वरवर सोपे दिसते. तथापि ते न समजता केल्यास दुहेरी हानी संभवते : जी माहिती जपावयाची ती नाहीशी होते आणि जी पुसावयाची ती दुसऱ्याच्या हाती राहते.

ॲप वेगळे, माहिती वेगळी

एका साधनावर केलेली नोंद त्याच खात्याने जोडलेल्या इतर साधनांवर आपोआप उमटते. या क्रियेस समक्रमण किंवा रूढ भाषेत 'सिंक' म्हणतात. येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. ॲप प्रत्येक साधनावर स्वतंत्रपणे बसविलेले असते. टॅब्लेटवरून ते काढले, तरी मोबाईलवर ते तसेच राहते. समक्रमित माहितीचे मात्र तसे नाही; ती एके ठिकाणी खोडली की सर्वत्र खोडली जाते.

समजा, एखाद्या शिक्षकाने जागा रिकामी करण्यासाठी मोबाईलवरील गूगल फोटोजमधून शाळेची छायाचित्रे पुसली. ती संगणकावरूनही जातात. खात्यात साठविलेली अशी छायाचित्रे ६० दिवस कचरापेटीत राहतात व तोवर परत मिळू शकतात. वस्तुतः त्याच ॲपमध्ये केवळ मोबाईलवरील प्रत हटवून खात्यातील प्रत राखण्याचा, म्हणजे जागा मोकळी करण्याचा, पर्याय उपलब्ध आहे.

चार निरनिराळ्या क्रिया

१. पडद्यावरील चिन्ह हटविणे. यामुळे ॲप केवळ दृष्टीआड होते.

२. ॲप काढणे, म्हणजे 'अनइन्स्टॉल' करणे. याने ॲप त्या एका साधनावरून जाते. परंतु खाते चालूच राहते आणि वर्गणी असल्यास तीही आकारली जाते. ती प्ले स्टोअर वा ॲप स्टोअरमध्ये जाऊन स्वतंत्रपणे रद्द करावी लागते.

३. जोडणी तोडणे. कार्यालयीन संगणकावर उघडलेले व्हॉट्सॲप खिडकी मिटल्याने बंद होत नाही. मोबाईलमधील 'लिंक केलेली डिव्हाइस' या यादीतून तो संगणक वगळावा लागतो.

४. खाते बंद करणे. सेवा देणाऱ्याकडील माहिती पुसण्याची मागणी या टप्प्यावर करावयाची असते.

ॲप दुकानातून हटले म्हणजे साधनावरून गेले, असेही नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने ५९ ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा ती दुकानांतून काढण्यात आली. परंतु आधीच बसविलेली ॲप्स वापरणाऱ्याने स्वहस्ते काढीपर्यंत मोबाईलवर राहिली. पूर्वी आयफोनवरील ॲप्सची व्यवस्था संगणकावरील आयट्यून्समधून करता येत असे. सप्टेंबर २०१७ मधील १२.७ या आवृत्तीपासून ती सोय राहिली नाही. आता हे काम मुख्यतः साधनावरच करावे लागते.

काढण्यापूर्वीची दक्षता

सर्वेक्षणाची काही ॲप्स नेटवर्क नसलेल्या वस्तीत भरलेल्या नोंदी मोबाईलवरच साठवितात व नेटवर्क मिळताच पुढे पाठवितात. पाठविणे बाकी असताना ॲप काढल्यास त्या नोंदी जातात आणि ज्या कुटुंबाची माहिती घेतली त्याच्या दारी पुन्हा जावे लागते. म्हणून प्रथम सर्व नोंदी पोहोचल्याची खात्री करावी. त्यानंतर खात्याचे नाव टिपून ठेवावे, आवश्यक प्रती अन्यत्र राखाव्यात आणि मगच ॲप काढावे. शेवटी संगणकावर आपल्या गूगल खात्यातील सुरक्षा विभाग उघडून जोडलेल्या साधनांची यादी पाहावी व जे साधन आपल्याकडे नाही तेथून खाते बाहेर काढावे.

साधन दुसऱ्याकडे सोपवावयाचे असल्यास आधी त्यावरील खाते काढावे, नंतर साधन मूळ स्थितीत आणावे. हा क्रम चुकल्यास नव्या वापरणाऱ्याकडे जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला जाण्याचा संभव असतो.

संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत केला. प्रयोजन संपल्यावर व्यक्तीची माहिती विनाकारण बाळगू नये, हे त्यामागील एक तत्त्व आहे. गावातील विद्यार्थ्यांची छायाचित्रे, निराधारांचे बँक तपशील, रुग्णांच्या नोंदी ही लोकांनी विश्वासाने सोपविलेली ठेव होय. कागदी दप्तराचा कार्यभार यादी करून, स्वाक्षरी घेऊन सोपविला जातो. तीच शिस्त मोबाईल व संगणकावरील दप्तरालाही लावणे, हे प्रत्येक कार्यालयाचे व शाळेचे कर्तव्य ठरते.