गाडी तीच, वर्ष चुकलं : माझे अडकलेले दहा हजार



‘माल ओळखा, मगच पैसे घाला’ असं मी व्हिडिओत नेहमी सांगतो. आज त्याचं उदाहरण माझ्याच दुकानातलं.

एका गिऱ्हाइकाने अल्फा रोमिओ १५५ या रेस कारचं १:१८ मॉडेल मागितलं. म्हणजे साडेचार मीटरच्या आसपासची गाडी टेबलावर २५ सेंटिमीटरची. मी ॲडव्हान्स न घेता, घाईत मागवून टाकली. बॉक्स उघडून ते म्हणाले, "दादा, गाडी छान आहे, पण मला हवी ती ही नाही."

त्यांना हवी होती १९९३ ची लाल गाडी. त्या वर्षी अल्फा १५५ जर्मनीच्या डीटीएम शर्यतींत पहिल्यांदाच उतरली आणि निकोला लारिनीने मर्सिडीजला त्यांच्याच घरात हरवून विजेतेपद नेलं. मी आणली १९९६ ची, मार्टिनीच्या पट्ट्यांची. दिसायला देखणी, पण त्या वर्षी विजेता ठरला ओपेलचा मॅन्युएल रॉयटर.

मी गाडी बघितली, त्यांनी गोष्ट बघितली. संग्राहक पैसे देतो ते त्या गोष्टीचे.

आता हिशोब बघा. खरेदी, वाहतूक, कर धरून गाडी १०,००० रुपयांना पडली. आठ महिन्यांनी १०,५०० ला गेली. नफा ५००. तेच दहा हजार रोजच्या खेळण्यांत महिन्याला एकदा फिरून हजार रुपये सुटले असते, तर आठ महिन्यांत ८,००० झाले असते. माल विकला गेला, तरी मी कमावलं काय?

तेव्हापासून माझे चार नियम:

१. वर्ष, ड्रायव्हर, रंगसंगती आणि स्केल व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं. सोबत फोटो.
२. गाडी धातूची की रेझिनची, हे आधीच सांगायचं. रेझिनच्या मॉडेलची दारं बहुतेक वेळा उघडत नाहीत. नंतर वाद नको.
३. खास ऑर्डरला निम्मे पैसे आधी. ओळखीचा असला तरी.
४. मूळ बॉक्स जपायचा. बॉक्स फाटला की भाव पडलाच.

गाड्याच कशाला, पैठणी असो की जुनी घड्याळं, नियम हेच.

गृहपाठ: दुकानात सहा महिन्यांपासून पडून असलेल्या मालाची यादी करा आणि त्यात अडकलेली रक्कम कमेंटमध्ये लिहा. लाजू नका, माझी मी आधीच सांगितली आहे!