जुनं किंडल विकत घेताना

आमच्या ऑफिसात लॅपटॉपला पेनड्राइव्ह चालत नाही, पण बॅगेतल्या किंडलकडे कुणी ढुंकून बघत नाही. पुस्तकच तर आहे! प्रत्यक्षात तो लिनक्सवर चालणारा, वायफायला जोडलेला छोटा कॉम्प्युटर असतो.

तळवड्याच्या आयटी पार्कात माझ्यासोबत काम करणाऱ्या एका मुलाने सेकंडहॅण्ड किंडल घेतलं. विकणाऱ्याने ते आधीच जेलब्रेक केलेलं होतं, म्हणजे कंपनीची बंधनं तोडून बाहेरची अ‍ॅप्स चालतील असं केलेलं. मी तपासलं तेव्हा जुन्या मालकाचं खातं तसंच चालू होतं. त्याने वाचायला पाठवलेली सॅलरी स्लिप आणि भाडेकरार आत होते, अधोरेखित केलेली वाक्यंसुद्धा. केओरीडर या पुस्तकं वाचायच्या अ‍ॅपमध्ये एसएसएच, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून आत शिरायचं दार, सुरू होतं, तेही पासवर्डशिवाय. मुलगा राहतो रूपीनगरच्या पीजीत, जिथे सगळ्यांचं वायफाय एकच. त्या नेटवर्कवरचा कुणीही थेट आत शिरू शकला असता.

खरी गोम मात्र अपडेटमध्ये आहे. जेलब्रेक टिकावा म्हणून लोक अपडेट बंद करतात, मग किंडल बनवणाऱ्या अ‍ॅमेझॉनने बुजवलेली भोकं आपल्याकडे उघडीच राहतात. जानेवारी २०२१मध्ये एका संशोधकाने दाखवून दिलं, की ईमेलने पाठवलेल्या पुस्तकातल्या लिंकवर वाचकाने बोट ठेवलं की किंडलचा ताबा मिळवता येतो. त्याला अ‍ॅमेझॉनने १८,००० डॉलरचं बक्षीस दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेक पॉइंट या सायबरसुरक्षा कंपनीने सांगितलं, की नुसतं पुस्तक उघडणंही पुरेसं होतं. एखाद्या भाषेचे वाचक हेरायचे तर त्या भाषेतलं लोकप्रिय पुस्तक फुकट वाटलं की झालं, असंही त्यांनी बजावलं. टेलिग्रामवर मराठी पुस्तकं गोळा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. या दोन्ही चुका अपडेटने दुरुस्त झाल्या, पण ते अपडेट घेणाऱ्यांपुरत्याच.

जेलब्रेकला माझा सरसकट विरोध नाही. स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पीडीएफची बारीक अक्षरं केओरीडरमध्ये मोठी करून, ओळी नव्याने मांडून वाचता येतात. ते सुख अ‍ॅमेझॉनच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. मात्र पथ्यं पाळावीत.

विकताना आधी खात्यातून डिव्हाइस काढावं, मग रीसेट करावं. घेणाऱ्यानेही रीसेट करून कंपनीचं ताजं अपडेट चढवावं. ते चढतच नसेल तर सौदा सोडावा, कारण काही जेलब्रेक रीसेटनंतरही टिकतात. जेलब्रेक केलेलं यंत्र हरवलं तर वेबसाइटवरून लगेच खात्यातून काढावं आणि घरच्या वायफायचा पासवर्ड बदलावा, तोही आत साठवलेला असतो. एसएसएच लागेल तेवढंच सुरू करावं, तेही स्वतःच्या हॉटस्पॉटवर आणि पासवर्ड लावून. पगाराचे, बँकेचे, ऑफिसचे कागद त्यावर वाचू नयेत. ऑफिसच्या लॅपटॉपला तर ते जोडूच नये.

आणि अपडेट बंदच ठेवायचे असतील, तर वायफायही बंद ठेवावं. कॉम्प्युटरवर असलेल्या पुस्तकांच्या फाइल्स केबलने भरता येतात.