कुलूप लावलेल्या घराचा कर

चिपळूणकडचा माणूस मुंबईत नोकरीला लागतो. गावी वडिलांचे घर असते. शिमग्याला आणि गणपतीत ते उघडते, बाकी वर्षभर दाराला कुलूप. मग लोक आम्हाला विचारतात, "अहो, घरात कोणी राहत नाही, दिवासुद्धा लागत नाही. मग कर कशाचा?"

प्रश्न रास्त आहे. पण कर दोन आहेत, आणि त्यांची गल्लत होते.

पहिला कर म्हणजे घरपट्टी. ती ग्रामपंचायत घेते. घरपट्टी घरावर बसते, म्हणून कुलूप लावले की ती आपोआप सुटली असे होत नाही. थकली की मागणीची नोटीस निघते. नोटीस जाते गावच्या पत्त्यावर. दाराच्या फटीतून ती आत पडते आणि धूळ खात राहते. तुम्ही मुंबईत! तेव्हा पुढच्या खेपेला गावी गेलात की पंचायतीत आपला मुंबईचा पत्ता आणि फोन नंबर लिहून द्या.

त्याच खेपेला 'नमुना 8' चा उतारा मागा. घराची कर-आकारणी त्यात असते. तलाठ्याकडचा '8 अ' तो वेगळा, तो जमिनीचा. उताऱ्यावर नाव कोणाचे आहे ते स्वतः वाचा. पुष्कळदा वारलेल्या आजोबांचेच नाव राहिलेले असते. तसे असेल तर वारसांची नावे लावण्यासाठी अर्ज करा. मात्र एक ध्यानात ठेवा. नुसत्या घरपट्टीच्या पावतीने घराची मालकी ठरत नाही.

दुसरा कर प्राप्तिकर. तो केंद्र सरकारचा, आणि ज्याची मिळकत तेवढी असेल त्यालाच. घर भाड्याने दिले असते तर काय आले असते, याचा कायदा हिशेब धरतो. त्याला वार्षिक मूल्य म्हणतात. हातात दमडी न येता मिळकत धरायची, हे ऐकायला विचित्रच वाटते. पण स्वतःसाठी ठेवलेल्या घराला इथे सूट आहे. त्याचे वार्षिक मूल्य शून्य धरतात.

नोकरीसाठी परगावी, दुसऱ्याच्या घरात राहावे लागते, म्हणून स्वतःच्या घरात राहता येत नाही, अशा माणसालाही ही सूट पूर्वीपासून होती. 2019-20 या वर्षापासून ती दोन घरांना मिळू लागली. 2025 साली नियम आणखी सैल झाला. घरात का राहत नाही, याचे कारण आता सांगावे लागत नाही.

अट एक आहे, घर भाड्याने दिलेले नसावे. मे महिन्यात पंधरा दिवस पाहुण्यांना पैसे घेऊन खोल्या दिल्या, तरी ती मोडते. "पंधराच दिवस तर दिले" हे म्हणणे चालत नाही.

भाडेकरू ठेवलाच, तर हिशेब असा मांडतात. वर्षाचे भाडे 24,000 रुपये आले. त्यातून भरलेली घरपट्टी 1,000 रुपये वजा केली. उरले 23,000. त्यातले शेकडा 30, म्हणजे 6,900 रुपये कायदाच सोडून देतो. राहिले 16,100. एवढीच रक्कम तुमच्या मिळकतीत धरतात. ते 1,000 रुपये वजा मिळायचे तर घरपट्टी त्याच वर्षात, म्हणजे एप्रिल ते मार्चमध्ये, तुम्ही स्वतः भरलेली पाहिजे, आणि पावती जपून ठेवलेली पाहिजे.