रुग्णसेवकांची जोखीम कशी मोजावी?

आरोग्यशास्त्राच्या तासाला मीं एकदां वर्गास विचारलें, "रुग्णालयांत काम करणाऱ्या माणसास सुई टोंचली, तर सर्वांत अधिक भय कोणत्या रोगाचें?" बहुतेकांनीं एकमुखानें एड्सचें नांव घेतलें. उत्तर चुकलें, परंतु तें कां चुकलें हें समजून घेणें अगत्याचें आहे, कारण आपल्या शाळेंतून दरवर्षीं कांहीं मुली परिचारिकेचें शिक्षण घेण्यास जातात.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतों. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील न्यायवैद्यकाचे अध्यापक याकोब कोलेच्का हे शवविच्छेदन करीत असतां एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटास लागली. जखम क्षुल्लक, पण थोड्याच दिवसांत ते मरण पावले. त्यांचे स्नेही डॉक्टर सेमेलवाइस यांनीं त्यांच्या शवाच्या तपासणीचा अहवाल वाचला, तों प्रसूतिज्वरानें मरणाऱ्या बाळंतिणींच्या शरीरांत दिसणारे फेरफारच तेथें आढळले. प्रेतांतील घातक द्रव्य वैद्यांच्या हातांवरून बाळंतिणींपर्यंत जातें, असें त्यांनीं ताडिलें व सर्वांस क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्यास लाविलें. त्यांच्या विभागांत एप्रिलमध्यें शेंकडा १८ असलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें शेंकडा २ च्या आसपास आलें. त्या रोगाचा जंतु अद्याप कोणी ओळखला नव्हता. ओळखला होता तो केवळ त्याचा मार्ग.

जोखीम मोजण्याची किल्ली हीच. रोग किती भयंकर, हा प्रश्न मागाहूनचा. तो कोणत्या वाटेनें, कितीदां व किती सहज येतो, हा पहिला. रुग्णाच्या रक्तानें माखलेली सुई परिचारिकेच्या बोटांत शिरली असें समजा. रुग्णास एचआयव्हीची बाधा असेल, तर ती तिला होण्याचा संभव सुमारें ३०० त १. त्याच जागीं हिपॅटायटिस बी हा यकृताचा रोग असेल व तिनें लस घेतली नसेल, तर हा संभव शेंकडा ६ पासून ३० पर्यंत जातो. शिवाय वाळलेल्या रक्ताच्या डागांतही हा विषाणु ७ दिवस टिकूं शकतो. ज्याच्या नांवानें थरकांप होतो तो मागें राहिला, आणि ज्यास आपण नुसती "कावीळ" म्हणून सोडून देतों तो पुढें गेला!

ही सुई पुष्कळदां काम संपल्यावर टोंचते. वापरलेल्या सुईवर टोपण पुनः बसवितांना परिचारिकेस टोंचते; कापसाबरोबर पिशवींत टाकली गेली, तर केर उचलणाऱ्या बाईस टोंचते. त्या बाईनें रोग्यास स्पर्शही केलेला नसतो. वैद्य व परिचारिका यांच्यापाशींच थांबणारी जोखमीची यादी म्हणूनच अपुरी होय.

क्षयाची वाट निराळी. खोकल्याबरोबर उडालेले सूक्ष्म कण बंद खोलींतील हवेंत तासचे तास तरंगतात. तेथें हातमोज्यांचा उपयोग नाहीं; उघड्या खिडक्या व तोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा. औषध सुरू झालेल्या रोग्यापेक्षां बाहेर केसपेपरच्या रांगेंत खोकत बसलेला, निदान न झालेला मनुष्य बहुधा अधिक धोक्याचा असतो. २०१८ सालीं केरळांतील पेरांब्रा तालुका रुग्णालयांत परिचारिका लिनी पुथुसेरी यांनीं ज्या रोग्याची शुश्रूषा केली, त्यास निपा झाला आहे हें तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें. त्याच रोगानें त्या निवर्तल्या. निदानाची वाट न पाहतां प्रत्येकाचें रक्त बाधित समजूनच काम करावें, हा नियम याचसाठीं आहे.

पालकांस एक सूचना. हिपॅटायटिस बीच्या लसीचा दुसरा डोस पहिल्यानंतर एका महिन्यानें व तिसरा सहाव्या महिन्यांत देतात. संरक्षण आलें कीं नाहीं, हें पुढें एकदोन महिन्यांनीं रक्त तपासून कळतें. मुलगी वॉर्डांत उभी राहण्यापूर्वीं हें उरकावयाचें, तर प्रवेशाच्या आधींच आरंभ केला पाहिजे. लहानपणीं लस दिली असल्यास तें कार्ड जपून ठेवावें व डॉक्टरांस दाखवावें.

आणि सुई टोंचलीच, तर जखम साबण व पाण्यानें धुवावी, पिळूं नये, आणि तत्काळ वरिष्ठांस सांगावें. एचआयव्हीचें प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आंत, आणि जितक्या लवकर तितकें बरें, सुरू करावें लागतें. आमची एक माजी विद्यार्थिनी सुई टोंचल्यावर दोन दिवस कोणाशीं बोलली नाहीं. मीं कारण विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "सर, सिस्टर रागावतील असें वाटलें."