छायाचित्रातील अदृश्य नोंद : ती कशी वाचावी आणि केव्हा पुसावी

जून महिन्यात शाळा उघडते. नवागत मुलांना ओवाळले जाते, हाती फूल व नवी पुस्तके दिली जातात आणि या मंगल प्रसंगाचे छायाचित्र घेतले जाते. ते केंद्रप्रमुखांकडे जाते, पालकांच्या गटावर जाते, क्वचित वर्तमानपत्राकडेही जाते. पुढे वृक्षारोपण, पोषण आहार, सहल, गृहभेट असे प्रसंग येत राहतात आणि वर्षअखेरीस शिक्षकाच्या मोबाईलमध्ये शेकडो छायाचित्रे साठतात. छायाचित्रात काय दिसते, हे प्रत्येक शिक्षक पाहतो. छायाचित्राबरोबर काय लिहिले गेले आहे, हे मात्र फार थोडे शिक्षक पाहतात. ते पाहावयास शिकणे, हा या पाठाचा हेतू होय.

१. नोंद म्हणजे काय?

पोस्टाने आलेल्या पाकिटात पत्र असते आणि पाकिटावर शिक्का असतो. पत्र न उघडताही शिक्क्यावरून ते कोणत्या गावाहून, कोणत्या दिवशी निघाले हे कळते. छायाचित्राच्या फाइलमध्येही असाच एक शिक्का असतो. चित्र निराळे आणि चित्राविषयीची माहिती निराळी. या दुसऱ्या माहितीस ‘मेटाडेटा’ म्हणतात. यंत्राची कंपनी, त्याचा प्रकार, छायाचित्र घेतल्याची तारीख व वेळ, यंत्र उभे धरले होते की आडवे, आणि कॅमेऱ्याची स्थाननोंद चालू असेल तर त्या जागेचे अक्षांश-रेखांश, इतका तपशील यात येतो. या नोंदीची ठरावीक पद्धत जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने १९९५ साली घालून दिली. तिचे नाव ‘एक्झिफ’. आजचे बहुतेक मोबाईल कॅमेरे हीच पद्धत पाळतात.

सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकांस चित्रात माहिती साठविण्याची कल्पना नवी नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकविलेले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना पाठ्यपुस्तकांतील क्यूआर संकेतांच्या कार्यासाठी ओळखले जाते आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. क्यूआर संकेतातील माहिती जाणूनबुजून ठेवलेली असते आणि संकेत डोळ्यांना दिसतो. एक्झिफची नोंद यंत्र आपोआप लिहिते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. सावधगिरीची गरज येथेच उत्पन्न होते.

२. नोंद कोठे असते?

संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक फाइल म्हणजे ० ते २५५ या अंकांची एक लांब ओळ होय. जेपेग प्रकारच्या फाइलचा आरंभ २५५ व २१६ या दोन अंकांनी होतो. त्यापुढे २५५ व २२५ ही जोडी येऊन ‘एक्झिफ’ हा शब्द आढळला, म्हणजे नोंदीचा भाग सुरू झाला असे समजावे. हा भाग ६५,५३५ अंकांहून मोठा असू शकत नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जसे रकाने ठरलेले असतात, तसे येथेही आहेत. प्रत्येक रकान्यास क्रमांक आहे. त्यांपैकी शिक्षकाच्या उपयोगाचे पुढीलप्रमाणे :

२७१ – यंत्र बनविणारी कंपनी
२७२ – यंत्राचा प्रकार
२७४ – चित्राची दिशा
३०६ – फाइलमध्ये बदल झाल्याची तारीख व वेळ
३४६६५ – छायाचित्रणाच्या तपशिलाचा उपविभाग; यात ३६८६७ या क्रमांकावर छायाचित्र प्रत्यक्ष घेतल्याची वेळ असते
३४८५३ – स्थानाचा उपविभाग; यात १ व २ या क्रमांकांवर अक्षांश, ३ व ४ या क्रमांकांवर रेखांश असतात

याच भागात कित्येकदा मूळ चित्राची एक लहान प्रतिकृतीही असते. मोठ्या चित्राची कड कापून एखादे मूल वगळले, तरी काही साधनांत ही प्रतिकृती बदलली जात नाही आणि वगळलेले मूल तीत राहून जाते.

३. नोंद वाचण्याची रीत

मोबाईलमध्ये छायाचित्राचा ‘तपशील’ उघडल्यास यातील काही भाग दिसतो. परंतु शंभर छायाचित्रे तारखेप्रमाणे लावावयाची असतील, तर एकेक उघडणे कष्टाचे होते. ते काम संगणकाकडून करून घ्यावे. त्यासाठी ‘पायथन’ ही संगणकभाषा सोयीची आहे. गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. तिच्यासाठी ‘पिलो’ नावाची लायब्ररी विनामूल्य मिळते. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. इतरांनी लिहून तपासलेल्या तयार आज्ञांचा तो संच होय. पाढे पाठ असलेल्या मुलास गुणाकार करताना प्रत्येक वेळी बेरीज करावी लागत नाही, तद्वत लायब्ररी हाताशी असली म्हणजे २५५ व २१६ पासून मोजत बसावे लागत नाही.

आज्ञा संगणकावर रोमन लिपीत लिहाव्या लागतात; येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

पहिली पायरी : पिलोमधून ‘इमेज’ हा विभाग बोलवावा.
दुसरी पायरी : ‘इमेज’च्या ‘ओपन’ या आज्ञेस फाइलचे नाव देऊन चित्र उघडावे.
तिसरी पायरी : उघडलेल्या चित्रास ‘गेटएक्झिफ’ ही आज्ञा द्यावी. सर्व नोंद क्रमांकानुसार हाती येते.
चौथी पायरी : २७२ हा क्रमांक विचारावा, यंत्राचा प्रकार मिळतो. घेतल्याची वेळ व स्थान हे उपविभागांत असल्यामुळे त्यांच्यासाठी ‘गेट आयएफडी’ ही आज्ञा ३४६६५ किंवा ३४८५३ या क्रमांकासह द्यावी.
पाचवी पायरी : उत्तर रिकामे आले तर घाबरू नये. तो रकाना यंत्राने भरलेला नाही किंवा वाटेत पुसला गेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अक्षांश-रेखांश अंश, मिनिटे व सेकंद अशा तीन संख्यांत मिळतात. समजा, एका छायाचित्रात अक्षांश १७ अंश ३९ मिनिटे ३६ सेकंद उत्तर आणि रेखांश ७५ अंश ५४ मिनिटे ३६ सेकंद पूर्व असे आले. मिनिटांस ६० ने व सेकंदांस ३,६०० ने भागावे. ३९ भागिले ६० म्हणजे ०.६५, ३६ भागिले ३,६०० म्हणजे ०.०१. म्हणून अक्षांश १७.६६. याच रीतीने रेखांश ७५.९१. नकाशावर हा बिंदू सोलापूर शहरात पडतो. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर अंतर, आणि नोंद सेकंदाचाही अपूर्णांक ठेवते. म्हणजे केवळ गाव नव्हे, आळी आणि घरही यातून सापडू शकते.

४. नोंदीवर विश्वास किती ठेवावा?

यंत्राने लिहिले म्हणून ते खरेच, असे मानू नये. कॅमेऱ्याची घटिका चुकीची लावलेली असेल तर तारीखही चुकीचीच लिहिली जाते. समजा, यंदाच्या वृक्षारोपणाच्या छायाचित्रावर काही वर्षांपूर्वीची १ जानेवारी ही तारीख आली. यात शिक्षकाची लबाडी असेलच असे नाही. कॅमेऱ्याची विद्युत्घटी संपल्यावर घटिका आरंभीच्या तारखेवर गेली असण्याचा संभव आहे. दुसरे असे की, स्थानाच्या उपविभागातील वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. सकाळी १०.३० वाजता घेतलेल्या परिपाठाच्या छायाचित्रात तेथे ५.०० असे दिसेल आणि ते बरोबरच असेल.

ज्या लायब्ररीने नोंद वाचता येते, तिनेच ती बदलताही येते. त्याचप्रमाणे व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने पाठविलेल्या छायाचित्रातून ही नोंद सर्वसाधारणपणे निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास ती राहते. यास्तव नोंद नसणे हा अपराधाचा पुरावा नव्हे आणि नोंद असणे ही सत्याची हमी नव्हे. नोंद ही एक साक्ष आहे. हजेरीपत्रक, लॉगबुक व प्रत्यक्ष पाहणी या इतर साक्षींशी ती ताडून पाहावी. तपासणारा व तपासला जाणारा या दोघांनीही हे ध्यानात ठेवावे.

५. नोंद केव्हा पुसावी?

डिसेंबर २०१२ मध्ये संगणक-संरक्षण क्षेत्रातील प्रसिद्ध उद्योजक जॉन मॅकॅफी हे बेलीझ देशाच्या पोलिसांना चुकवून लपले होते. त्यांच्यासोबत असलेल्या पत्रकारांच्या मासिकाने त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यातील स्थाननोंद पुसलेली नव्हती. ते ग्वाटेमालात आहेत, हे जगाला तत्काळ कळले. संगणक-सुरक्षेचा व्यापार केलेल्या माणसाच्या बाबतीत जे घडले, ते कोणाच्याही बाबतीत घडू शकते.

सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्याचा विचार करावा. माळढोक हा अत्यंत संकटग्रस्त पक्षी आहे आणि तो जमिनीवर अंडी घालतो. सहलीत टिपलेल्या अशा पक्ष्याच्या छायाचित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश बाहेर गेले, तर शिकाऱ्यास वाट दाखविल्यासारखे होते. याच कारणासाठी निसर्गनोंदी गोळा करणारी ‘आयनॅचरलिस्ट’ ही जागतिक संस्था संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण जनतेस दाखवीत नाही.

जे पक्ष्याच्या बाबतीत, ते मुलाच्या बाबतीत शतपट अधिक. शाळेचा पत्ता सर्वांस ठाऊक असतो. मुलाच्या घराचा नसतो. गृहभेटीत काढलेले किंवा पालकाने घरून पाठविलेले छायाचित्र मुलाचा चेहरा, घराचे स्थान आणि मूल घरी असण्याची वेळ या तिन्ही गोष्टी एकाच फाइलमध्ये ठेवू शकते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे.

पुसण्याची रीत अशी : पिलोमधील ‘इमेज ऑप्स’ या विभागाच्या ‘एक्झिफ ट्रान्सपोज’ आज्ञेने चित्र प्रथम सरळ करून घ्यावे. दिशेची नोंदही पुसली जाणार असल्यामुळे ही पायरी वगळल्यास उभी मुले आडवी दिसू लागतात. नंतर ते चित्र नव्या नावाने जेपेग म्हणून जतन करावे. एक्झिफ मुद्दाम सोबत न दिल्यास पिलो ती नव्या जेपेग फाइलमध्ये लिहीत नाही. शेवटी नवी फाइल पुन्हा उघडून स्थानाचा उपविभाग रिकामा आहे ना, हे स्वतः पाहावे. पुसले असे समजणे आणि पुसलेले पाहणे यांत अंतर आहे. ज्यांच्यापाशी संगणक नाही, त्यांनी मुलांची छायाचित्रे घेण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील स्थाननोंद बंद ठेवावी. मात्र स्थानासह छायाचित्र शासनाने मागितले असेल तेथे ते मागितलेल्या ठिकाणीच द्यावे, गटावर टाकू नये.

शिक्षकास हा नियम नवा वाटू नये. जनरल रजिस्टर शाळेतच राहते. बाहेर जातो तो दाखला, आणि दाखल्यात आवश्यक तेवढेच लिहिलेले असते. मूळ छायाचित्र नोंदीसह शाळेच्या दप्तरी ठेवावे, बाहेर जाणारी प्रत नोंद पुसून पाठवावी.

स्वाध्याय

१. शाळेच्या प्रांगणात स्थाननोंद चालू ठेवून एका झाडाचे छायाचित्र घ्यावे. त्यातील अक्षांश-रेखांश दशांशात मांडून बिंदू नकाशावर शोधावा. प्रत्यक्ष जागेपासून तो किती दूर पडला, हे सातवीच्या मुलांकडून पावलांनी मोजून घ्यावे.
२. तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने व ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवून दोन्ही प्रतींतील नोंदींची तुलना करावी.
३. मागील वर्षी शाळेबाहेर पाठविलेल्या छायाचित्रांपैकी मुलांच्या घरी काढलेली किती, हे मोजावे. त्यांपैकी किती प्रती नोंद पुसून पाठविल्या होत्या, हे शिक्षकसभेत सांगावे.