हुकलेस चाके आणि हवेची मात्रा

गेल्या काही वर्षांत गोव्यातील सायकलस्वारीचे स्वरूप पालटले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीत ‘आयर्नमॅन ७०.३’ ही स्पर्धा प्रथम झाली. तिच्यातील ९० किलोमीटरच्या सायकल टप्प्याने अनेकांना, आपल्या व्यवसायबंधूंनाही, पहाटेच्या सरावाची गोडी लावली. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील रस्त्यांवर रविवारी असे स्वार दिसतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांची चौदा-पंधरा वर्षांची मुलेही. ही मुले आता निव्वळ सायकलवर समाधान मानीत नाहीत. त्यांना खोल रिमची, कार्बनची, हुकलेस चाके हवी असतात. “डॉक्टर, ही चाके सुरक्षित आहेत का?” असा प्रश्न पालक बालरोगतज्ज्ञाला विचारू लागले आहेत. त्याचे उत्तर औषधासारखेच आहे: मात्रा पाळली तर सुरक्षित, आणि मात्रा ठरते ती घेणाऱ्याच्या वजनावरून.

रचना

नेहमीच्या रिमच्या दोन्ही कडा आतल्या बाजूस किंचित वळलेल्या असतात. हवा भरली की टायरची कड त्या आकड्यात अडकते. हुकलेस रिमची कड सरळ असते. तिथे आकडाच नसतो. मग टायर टिकतो कसा? बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव जशी निव्वळ घट्ट मापामुळे बसते, तसाच. टायरच्या कडेतील न ताणणारा धागा आणि रिमची बैठक यांचे माप तंतोतंत जुळले पाहिजे. मोटारीच्या चाकालाही असा आकडा नसतो. परंतु तिथे दाब असतो साधारण ३० ते ३५ पीएसआय. रस्त्यावरील सायकलचा दाब त्याच्या दुपटीपर्यंत जातो, आणि प्रश्न तिथेच उभा राहतो.

सरळ कडेचे फायदे खरे आहेत. कार्बनची अशी रिम घडविणे सोपे जाते, कड अधिक जाड व मजबूत ठेवता येते, आणि रुंद टायर रिमशी सलग बसल्याने हवा सुरळीत वाहते. मात्र आंतरराष्ट्रीय मानकाने अशा चाकांसाठी ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, ही कमाल मर्यादा घातली आहे.

हा वाद व्यावसायिक शर्यतींतही पोहोचला. फेब्रुवारी २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील ‘यूएई टूर’मध्ये बेल्जियमचे थॉमस डी गेंट यांच्या पुढच्या हुकलेस चाकावरून टायर निघाला आणि ते कोसळले. उत्पादकांच्या बाजूने रस्त्यावरील वस्तूच्या आघाताकडे बोट दाखविण्यात आले. स्वारांच्या संघटनेचे अध्यक्ष अ‍ॅडम हॅन्सन यांनी मात्र अशा चाकांविषयी उघड चिंता व्यक्त केली. निष्णात यांत्रिकांनी बसविलेल्या चाकाविषयी जर असा वाद होतो, तर घरी टायर चढविणाऱ्याने किती दक्ष असावे, हे सांगणे न लगे.

दाबाची मात्रा

‘जास्त हवा म्हणजे जास्त वेग’ ही समजूत २३ मिलिमीटरच्या अरुंद टायरच्या काळातली आहे. तेव्हा १०० ते १२० पीएसआय भरण्याची रीत होती. टायरच्या आवरणावरील ताण दाब आणि रुंदी या दोहोंच्या प्रमाणात वाढतो. म्हणून टायर जितका रुंद, तितका दाब कमी हवा. जुन्या सवयीने हुकलेस चाकात १०० पीएसआय भरणे हे औषधाच्या कमाल मात्रेचे उल्लंघन होय.

येथे वजनाचा विचार येतो. २८ मिलिमीटरच्या टायरवर ४५ किलोच्या मुलाला साधारण ५० पीएसआय पुरतात. तो मर्यादेपासून दूर असतो. त्याच टायरवर ९० किलोचे त्याचे वडील मर्यादेला टेकतात. त्यांनी हवा वाढवू नये. रिमला चालणारा अधिक रुंद टायर घ्यावा किंवा आकड्याची रिम निवडावी.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. पहाटे २५ अंशांना ५ बार हवा भरून सायकल उन्हात ठेवली आणि टायरमधील हवा ५० अंशांवर गेली, तर दाब सुमारे अर्ध्या बारने वाढतो. म्हणून हवा मर्यादेच्या खालीच ठेवावी आणि ती स्वतःच्या, दाब दाखविणाऱ्या पंपाने भरावी.

खोल रिम आणि हलके मूल

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी २० किलोमीटरवरून ४० वर जाताना हवेविरुद्ध आठपट शक्ती लागते. म्हणून वेगवान स्पर्धकाला खोल रिमचा लाभ होतो. ताशी वीस-बावीसने जाणाऱ्या मुलाला तो जाणवणारही नाही. शिवाय रोधाचा मोठा वाटा चाकांचा नसून शरीराचा असतो.

तोटा मात्र मुलाच्या वाट्याला अधिक येतो. खोल रिम शिडासारखी आडवा वारा धरते आणि पुढच्या चाकामार्फत हँडल वळवते. चाकावरील तोच झोत ७५ किलोच्या स्वारापेक्षा ४५ किलोच्या मुलाला दीडपटीहून अधिक ढळवतो. कोलवाळच्या पुलावर किंवा मोपाच्या उघड्या सड्यावर वारा अडविणारे काही नसते. डिचोलीकडील रस्त्यांवर अवजड ट्रक शेजारून जाताना वारा क्षणभर अडतो आणि लगेच पुन्हा आदळतो. तो क्षण धोक्याचा. वाढत्या वयाच्या मुलांना निदान पुढचे चाक तरी उथळ रिमचे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पालकांना द्यावयाच्या सूचना

१. टायरवर हुकलेस रिमसाठी मान्यता असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. आत ट्यूब घातली तरी साधा टायर चालत नाही.
२. टायरवरील २८-६२२ या खुणेतील पहिला आकडा रुंदीचा, दुसरा बैठकीच्या व्यासाचा. रिम आणि टायर या दोन्ही उत्पादकांच्या तक्त्यांत ती जोडी असावी. दाबाच्या दोन मर्यादांपैकी लहान ती पाळावी.
३. खड्ड्यात चाक जोरात आदळल्यास रिमची कड तपासावी. कार्बनची भेग बारीक हाडमोडीप्रमाणे वरून दिसेलच असे नाही.
४. हेल्मेटशिवाय सायकल नाही. १९९९ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे डोक्याच्या व मेंदूच्या इजांचा धोका ६३ ते ८८ टक्क्यांनी घटतो.

शेवटी एक सूचना आपणा सर्वांसाठी. पुढचे चाक अचानक वळले की मूल हँडलच्या टोकावर पोटाने आदळते. पोटावर लहानसा गोल वळ, मूल हसतेखेळते, आणि आत मात्र यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा लहान आतड्याच्या आरंभभागास इजा, असे घडू शकते. स्वादुपिंड व आतड्याच्या इजेची लक्षणे काही तासांनी, क्वचित दिवसांनीही दिसतात. म्हणून अशा मुलाला ‘काही झाले नाही’ म्हणून लगेच घरी धाडू नये. निरीक्षणाखाली ठेवावे, पोट पुन्हा पुन्हा तपासावे आणि गरजेनुसार प्रतिमा-तपासणी करावी. सायकल हा उत्तम व्यायाम आहे. मुलांना तो जरूर लावावा, पण चाक निवडताना त्यांचे वय, वजन आणि आपले रस्ते पाहावेत.