बारा पाहुणे, सहाशे ग्रॅम चीज

घरी दहाबारा माणसं येणार आणि खायला चीजचं काहीतरी करायचं, असं ठरलं की बहुतेक जण आधी पाककृती शोधतात. माझ्या मते आधी चीजचा हिशेब करावा. बटाटा, पाव, सिमला मिरची यांना फारसे पैसे लागत नाहीत; एकूण खर्चाचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या चीजचा असतो.

२२ सप्टेंबर २०२५पासून चीजवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्या वेळी अमूलने प्रोसेस्ड चीजच्या एक किलोच्या ब्लॉकची किंमत ५७५ रुपयांवरून ५४५ केली. पुढचा हिशेब याच भावाने, म्हणजे ग्रॅमला साडेचौपन्न पैशांनी केला आहे. तुम्ही घ्याल त्या पाकिटाची छापील किंमत वेगळी असेल, तर तिला वजनाने भागा आणि तो आकडा धरा. बाकी जिनसांचे भाव शहरातल्या किराणा-भाजीच्या दुकानांचे अंदाज आहेत.

ब्लॉक घ्या आणि घरी किसा. किसलेलं तयार चीज, स्लाइस, क्यूब यांत सोय आहे, पण ग्रॅमचा भाव बहुतेक वेळा चढा पडतो. क्यूब २५ ग्रॅमचा आणि स्लाइस साधारण २० ग्रॅमची असते, एवढं लक्षात ठेवलं की मोजायला वजनकाटा लागत नाही. पाकीट उलटून घटकांची यादी मात्र जरूर वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. त्यात खाद्य वनस्पती तेल किंवा पाम तेल दिसलं, किंवा ‘अ‍ॅनालॉग’ हा शब्द दिसला, तर ते दुधाचं चीज नव्हे. ते स्वस्त पडतं, पण पाहुण्यांना चीज म्हणून ते वाढू नये. फ्रोझन चीज नगेट्स घेतानाही हीच यादी बघा. चीज पाचव्या-सहाव्या क्रमांकावर असेल, तर तुम्ही मुख्यतः बटाट्याचे पैसे देत आहात.

मोझरेला की साधं प्रोसेस्ड? घरगुती पार्टीला प्रोसेस्डच बरं. मोझरेलाची तार गरम असेपर्यंत सुंदर येते, निवलं की ते चिवट होतं. आपल्याकडे पाहुणे एका वेळी येत नाहीत, आणि प्रोसेस्ड चीज निवल्यावरही मऊ राहतं.

आता बारा जणांचा बेत. चीज-चिली टोस्टसाठी पावाच्या ९ स्लाइस घ्या आणि प्रत्येकीवर २० ग्रॅम किसलेलं चीज, बारीक चिरलेली सिमला मिरची, कांदा आणि हिरवी मिरची पसरा. चीज ९८ रुपयांचं, बटर २९, भाजी २०, पाव ५०; मिळून १९७. एकेका स्लाइसचे चार तुकडे केले की ३६ होतात, म्हणजे तुकड्याला साडेपाच रुपये. मीठ अजिबात घालू नका, चीजमध्ये पुरेसं असतं. पाव आधी खालच्या बाजूने तव्यावर कुरकुरीत करून ठेवा आणि चीज माणसं आल्यावरच घाला. मग टोस्ट ओला पडत नाही.

उरलेल्या पावाचा चुरा करा, तो चीज बॉलला लागतो. अर्धा किलो उकडलेल्या बटाट्याचे २४ गोळे होतात. प्रत्येकाच्या पोटात क्यूबचा चौथा भाग, म्हणजे सहा ग्रॅम चीज पुरतं. एकूण दीडशे ग्रॅमचे ८२ रुपये, बटाटे २०, कॉर्नफ्लोअर १०, तळण्यात मुरणारं तेल २०, मिळून १३२. म्हणजे नग साडेपाच रुपयांना पडतो. हा पदार्थ फसतो तो तळताना. गोळ्याला बारीकशी चीर राहिली तरी चीज कढईत उतरतं. म्हणून कॉर्नफ्लोअरची पेस्ट आणि पावाचा चुरा यांचा थर दोनदा द्या, गोळे अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि चांगल्या तापलेल्या तेलात थोडे थोडे सोडा. तेल कोमट असेल तर गोळा आत जास्त वेळ राहतो आणि फुटतो.

चीज-पाइनॅपल-चेरीच्या काड्या मुलांना हव्याच असतात. पण बेतातला महाग पदार्थ हाच, कारण इथे चीजला बटाट्याचा किंवा पावाचा आधार नाही. २४ काड्यांना २०० ग्रॅम, म्हणजे १०९ रुपयांचं चीज जातं. अननसाचे ६०, चेरीचे ३०, टूथपिकचे १० धरले की २०९ होतात आणि काडी पावणेनऊ रुपयांना पडते. हात आखडायचा तर इथे आखडा: काड्या फक्त मुलांपुरत्या करा. ताजं अननस वापरलंत तर फोडी आधी कापडावर टिपून घ्या.

चौथा पदार्थ मला सगळ्यांत आवडतो. एक किलो दही रात्री पंचात टांगून ठेवा. सकाळी जो चक्का मिळेल त्यात ६० ग्रॅम किसलेलं चीज, लसणाची एक पाकळी, मिरपूड आणि कोथिंबीर घालून फेटा. सोबत गाजर-काकडीच्या कांड्या. दही ८०, चीज ३३, भाजी ५०, मिळून १६३. विस्तव लागत नाही, आदल्या दिवशी होतं आणि बारा जणांना पोटभर पुरतं. जैन पाहुणे असतील तर त्यांच्या वाटीत लसूण आणि गाजर नको; जिरेपूड आणि काकडी द्या. टोस्टही त्यांच्यासाठी बिनकांद्याचे करा.

चारही मिळून ५९० ग्रॅम चीज आणि सुमारे ७०० रुपये, म्हणजे माणशी ५८. त्यातले ३२२ रुपये चीजचे. एक किलोचा ब्लॉक घेतलात तर हातातून ९२५च्या आसपास जातात आणि ४१० ग्रॅम चीज उरतं. ते आठवड्याभरात डब्यात, पराठ्यात संपणार असेल तरच किलोचा ब्लॉक परवडतो. नाहीतर दोनशे ग्रॅमची तीन पाकिटं घ्या. उरलेलं लांबवायचं असेल तर किसून, हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवा. नंतर ते भुसभुशीत होतं, काड्यांना चालत नाही, पण टोस्टवर वितळायला उत्तम.